चार नावांचे बेट आणि ताटभर तांदूळ

आमच्या घरात सहलीचे स्थळ निश्चित करण्याचा अधिकार सर्वस्वी माझा आहे, आणि तो मी प्रतिवर्षी, सौभाग्यवतींनी तिकिटे काढून झाल्यावर, बजावत असतो. यंदा तिकिटे अथेन्सची निघाली. पुढे कोणत्या बेटावर जायचे एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर मी विचारपूर्वक ‘नाक्सोस’ असे दिले. सौभाग्यवती म्हणाल्या, “खोली तिथलीच घेतली आहे.” निर्णयातील हे एकमत आमच्या संसाराचे बलस्थान होय.

नाक्सोसच का, हे सांगण्यापूर्वी थोडा परिचय आवश्यक आहे. अस्मादिक सिंगापूरनिवासी असून दिवसा रॅफल्स प्लेस येथील एका बँकेत इतरांच्या चुका शोधतात आणि सायंकाळी बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या ऐकून घेतात. शालान्त परीक्षेत संस्कृतात मिळालेल्या गुणांच्या व्याजावर मी आजवर प्रतिष्ठेने जगत आलो आहे. या प्रतिष्ठेमुळेच यंदा माझ्यावर एक गंभीर कामगिरी सोपवण्यात आली होती.

आमची एकुलती एक कन्या मुक्ता हिचा विवाह डिसेंबरात पुण्यास आहे. जावई चिन्मय येथेच टॅम्पिनेसला राहतो. त्याच्या मातोश्री कोथरूडला. निघण्यापूर्वी एके दिवशी विहीणबाईंचा फोन आला.

“तुमच्यासारखा संस्कृतचा माणूस असताना आम्ही कशाला डोकं चालवायचं? मुक्ताचं नवं नाव तुम्हीच सुचवा. ‘च’वरून मिळालं तर चिन्मयला शोभेल. ग्रीसहून आलात की सांगा, म्हणजे सराफाकडे चांदीच्या ताटावर कोरायला टाकते.”

लग्नानंतर गृहप्रवेश झाला की ताटात तांदूळ पसरून नवरदेव त्यात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, हा विधी वाचकांस ठाऊक आहेच. नाव सुचवण्याचा असा मान वधूपित्यास मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. मी तो तत्काळ स्वीकारला. मुक्ताने विधींच्या बाबतीत मला पूर्वीच सर्वाधिकार दिले होते. तिचे नेमके शब्द, सिंगापुरी इंग्रजीत, असे: “बाबा, विधी-बिधी तुम्ही लोक ठरवा. आय कम, आय सिट, आय ईट. कॅन?” मी “कॅन”, अर्थात चालेल, म्हणालो होतो.

“तिला विचारलंत?” सौभाग्यवतींनी पृच्छा केली.

“विचारायचं काय त्यात? ते आश्चर्य असतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “असतं.”

सौभाग्यवतींना या विधीचा स्वानुभव आहे. त्या माहेरच्या कुसुम. आमच्या लग्नात मी अंगठी हाती घेऊन तांदळात ‘ऋतंभरा’ असे लिहिले. तांदूळ कमी पडले, पण उपस्थित मंडळी स्तिमित झाली. पुढे सिंगापूरला आल्यावर असे लक्षात आले की हे नाव उच्चारू शकणारी व्यक्ती या प्रजासत्ताकात मी एकटाच आहे. कार्यालयात त्यांची ‘रीटा’ झाली. दवाखान्यात परिचारिका कागदाकडे पाहून दीर्घ श्वास घेते, आणि तो श्वास ऐकूनच त्या उठून उभ्या राहतात.

असो. नाक्सोसची निवड मी केली (की समर्थिली) ती या कामगिरीसाठी. ज्या बेटाने इतिहासात निदान चार नावे धारण केली, त्याहून योग्य असे नामकरणाचे तीर्थक्षेत्र कोणते?

आता उपयुक्त माहिती. आमच्याप्रमाणे सिंगापूरचे कायम रहिवासी असून भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज पुष्कळ आधी करावा. सिंगापूरहून अथेन्सला थेट विमान आहे. ते स्वस्त आहे आणि स्वस्त का आहे हे गुडघ्यांना कळते. विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत मेट्रो जाते. आम्ही गेलो तेव्हा माणशी नऊ युरो पडले. तेथून बोट. वेगवान बोटी महाग असतात आणि आत कोंडून ठेवतात. संथ मोठी बोट निम्म्या दरात सगळा एजियन समुद्र दाखवते. सप्टेंबरअखेरीस गर्दी ओसरलेली असते, पाणी अजून उबदार असते आणि वारा सुटला की टोपी शेजारच्या बेटावर जाते. माझी गेली.

बोटीच्या वरच्या मजल्यावर मी सौभाग्यवतींना बेटाचा नामेतिहास सांगितला. सर्वप्रथम थ्रेसहून आलेल्या दर्यावर्दींनी त्यास ‘स्ट्राँगिली’ म्हटले, म्हणजे वर्तुळाकार. त्यांनी नकाशा पाहिलेला नसावा. मग ते ‘डिया’ झाले, म्हणजे दैवी, कारण झ्यूस येथील पर्वतावर लहानाचा मोठा झाला अशी कथा आहे. द्राक्षे पिकू लागल्यावर मद्यदेव डायोनायसस याच्यावरून ‘डायोनिसियास’. अखेरीस पूर्वेकडील कारियाहून एक टोळी आली. तिच्या नायकाचे नाव नाक्सोस, आणि त्याने फारसा विचार न करता स्वतःचेच नाव बेटास देऊन टाकले.

“बेटाला कुणी विचारलं होतं?” सौभाग्यवती म्हणाल्या.

“बेटाला कसं विचारणार?”

त्या समुद्राकडे पाहू लागल्या. मी शेजारच्या जर्मन दांपत्याकडे वळून झ्यूस आणि वैदिक द्यौस् यांचे मूळ एकच, हे सविस्तर विशद केले. ते जागा बदलून बसले.

बंदरात शिरताना प्रथम दिसते ते एक द्वार. नुसतेच द्वार. संगमरवराची प्रचंड चौकट एका टेकाडावर उभी आहे. भिंती नाहीत, छत नाही, देव नाही. एका महत्त्वाकांक्षी हुकूमशहाने अपोलोचे मंदिर आरंभिले, त्याची सत्ता गेली, काम थांबले. उरलेले दगड पुढे शतकानुशतके लोकांनी आपापल्या कामासाठी नेले. व्हेनिसकरांनी तर त्यांतून गावावरचा किल्ला उभारला. चौकटीचे दगड कोणास उचलवले नाहीत, म्हणून ती राहिली. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या पुण्यातील प्रकल्पाची आठवण होऊन मन भरून आले.

आमची खोली किल्ल्याखालच्या गल्लीत होती. या गल्ल्या पांढऱ्या, अरुंद आणि चाके असलेल्या बॅगांच्या विरोधात बांधलेल्या आहेत. पाठीवरची पिशवी आणावी. दारात घरमालकीण उभी होती. तिचे नाव आंगेलिकी. साठीची, ठेंगणी, हातात कोथिंबिरीसारखे काहीतरी धरलेली. (ती इंग्रजी बोलत असे, येथे ते मराठीत देतो.)

“कुसुम!” तिने हाक मारली. “ये, ये!”

मी वळून मागे कोण आले ते पाहिले. मागे कोणीही नव्हते. सौभाग्यवती पुढे होऊन तिच्या मिठीत शिरल्या होत्या.

“आरक्षण त्या नावानं केलंस?” खोलीत गेल्यावर मी विचारले.

“नाव लिहा म्हणाले. तेच बोटांत आलं.”

“पारपत्रावर तर ऋतंभरा आहे.”

“तिनं पारपत्र बघितलं कुठं? तिनं मला बघितलं.”

पुढील सर्व दिवस त्या अंगणात “कुसुम, कॉफी!”, “कुसुम, अंजीर!”, “कुसुम, वारा आहे, शाल घे!” असा घोष चालू होता. मला ती ‘कुसुमचा नवरा’ म्हणे. माझे नाव तिने अखेरपर्यंत विचारले नाही.

दुसरे दिवशी आम्ही बसने अंतर्भागात गेलो. तिकीट बंदरापाशी बसच्या कार्यालयात आधीच घ्यावे; दोनतीन युरोंत बेटाचा बहुतेक भाग पाहता येतो, मात्र परतीची शेवटची बस लवकर असते आणि ती कोणाचीही वाट पाहत नाही. मी खिशात अठरा नावांची निवडक मालिका घेतली होती. बस चढ चढू लागली तशी मी ती मोठ्याने वाचू लागलो.

“चिद्विलासिनी.”

“दवाखान्यात काय म्हणतील?”

“चैतन्यप्रभा.”

“मुक्ताला स्वतःला म्हणता येईल?”

“चारुचंद्रिका तर अगदी सोपं आहे.”

“अहो, खिडकीतून बघा. तुमचा झ्यूस गेला.” खरोखरच डावीकडे झास पर्वत मागे सरकत होता. ज्या पर्वतावर देवाधिदेव वाढला, तो मी नावे वाचण्याच्या नादात पाहिला नाही. वाचकांनी पाहावा.

हाल्की या टुमदार गावी महाळुंगाच्या पानांपासून एक हिरवट मद्य काढतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे मातुलुंग आहे, तेच हे फळ. मी हे दुकानदाराला सांगितले. त्याने मला आणखी एक घोट ओतला. विद्वत्तेचा असा तत्पर सन्मान सिंगापुरात होत नाही.

भोजनाबद्दल शाकाहारी वाचकांना दिलासा देतो. ‘फावा’ म्हणून पिवळ्या डाळीचे एक घट्ट गोळा वरण मिळते. ते म्हणजे परदेशी शिकून आलेले पिठले. वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. येथील बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये प्रसिद्ध आहेत, आणि ‘ग्रावियेरा’ हे चीज मध घालून देतात. दोघांचे पोटभर जेवण पंचवीस युरोंत सहज होते. सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर तेवढ्यात पाणी मिळते, तेही गालिच्यावर बसून.

हाल्कीहून सांग्री. तेथे शेतांच्या मधोमध डिमीटरचे मंदिर आहे, संगमरवरी, निम्मे उभे केलेले. गर्दीचे नाव नाही. डिमीटर ही धान्याची देवता, म्हणजे आपल्या अन्नपूर्णेची परदेशस्थ भगिनी. तिची कन्याही येथे तिच्यासोबत पूजिली जाई. कथा अशी की पाताळाच्या राजाने कन्येचे हरण केले, आणि आईने शोक करकरून पृथ्वीवरचे पीकच बंद पाडले. माहेरी असताना त्या मुलीला केवळ ‘कोरी’ म्हणत, म्हणजे मुलगी. पाताळाची राणी झाल्यावर ती ‘पर्सेफनी’.

हे सांगता सांगता मी थबकलो, परंतु फार उशीर झाला होता.

“म्हणजे त्यांच्यातही बदलत होते,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“तो जावई पाताळातला होता. आपला टॅम्पिनेसचा आहे.”

“आई कोणत्या नावानं हाक मारत फिरली असेल हो तिला?”

या प्रश्नाचे उत्तर माहितीफलकावर नव्हते. मी दोनदा वाचून पाहिला.

तिसरे दिवशी बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनास. रस्ता इतका वळणांचा आहे की ज्यांना बस लागते त्यांनी आधी गोळी घ्यावी आणि पुढे बसावे. गावाच्या वर एका प्राचीन खाणीत एक महाकाय पुतळा उताणा पडला आहे. दाढीचा आकार दिसतो, बाहू दिसतात, पावले दिसतात. तो कातळातून पूर्ण सुटण्याआधीच कारागीर त्यास सोडून गेले. दगडाला भेग गेली असावी असे म्हणतात. पूर्वी त्याला अपोलो समजत. आता दाढीवरून विद्वान म्हणतात की हा डायोनायसस. एवढे मोठे नामांतर झाले, पण त्याने कूससुद्धा बदललेली नाही.

मी खिशातील मालिका काढली, पुन्हा ठेवली. त्या पहुडलेल्या देवापुढे ‘चारुचंद्रिका’ म्हणण्याचे धैर्य झाले नाही.

अखेरच्या सायंकाळी आंगेलिकीने अंगणात जेवायला बोलावले. भरलेल्या ढोबळ्या मिरच्या होत्या, भाताच्या. गप्पांत नावांचा विषय निघालाच. तिचे नाव आजीचे. तिच्या दोन चुलत बहिणींचेही तेच, कारण पहिल्या मुलीला आजीचे नाव देण्याची तेथील रीत आहे.

“गल्लीत ‘आंगेलिकी’ म्हणून हाक मारली की तीन खिडक्या उघडतात,” ती म्हणाली.

“आणि लग्नानंतर?” सौभाग्यवतींनी विचारले.

“लग्नानंतर काय? आडनावसुद्धा वडिलांचंच राहतं. इथे कायदाच आहे.”

“नवरा काही म्हणाला नाही?”

“काय म्हणणार? त्याला स्वतःचं आहे ना.”

दोघी खूप वेळ हसल्या. मी मिरचीतील भात मोजत बसलो.

त्यानंतर आम्ही द्वाराकडे चालत गेलो. बंदरापासून एक चिंचोळा बांध त्या टेकाडापर्यंत जातो. लाटा आडव्या येतात, बूट भिजतात. प्रवेश विनामूल्य आहे, म्हणून सूर्यास्ताला अर्धे गाव तेथे असते. याच किनाऱ्यावर अरियाड्नीला सोडण्यात आले अशी कथा आहे. क्रीटच्या या राजकन्येने धाग्याचा गुंडा देऊन थीसिअसला भूलभुलैयातून बाहेर काढले, त्याच्यासोबत पळून आली, आणि येथे ती झोपेत असताना हा वीरपुरुष गलबत घेऊन चालता झाला. पुढे डायोनायससने तिच्याशी विवाह केला, तिचा मुकुट आकाशात नक्षत्र म्हणून ठेवला, वगैरे. मी हे सर्व यथास्थित कथन केले.

“झोपेत सोडून?” सौभाग्यवती म्हणाल्या. “उठवायला काय झालं होतं?”

“काही मतांनुसार देवाचीच आज्ञा होती.”

“असू दे आज्ञा. उठवून सांगायची.”

आम्ही एका पडक्या दगडावर बसलो. चौकटीतून समुद्र नारिंगी दिसत होता.

“तुम्हाला वाटलं असेल, मी आरक्षणावर ते नाव रागानं लिहिलं,” त्या म्हणाल्या. “राग नाही हो. रागवायचं असतं तर तेव्हाच रागावले असते. आई होती तोवर दर रविवारी फोनवर ‘कुसुम’ म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. मला एकदा ते मोठ्यानं ऐकायचं होतं. कुणाच्या का तोंडून होईना.”

ओठांवर आलेले एक सुभाषित मी परत पाठवले. माझ्या बाबतीत ही घटना विरळा असल्याने येथे नोंदवतो.

“मुक्ताचं नावही आईनंच ठेवलंय,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “तुम्ही चिद्विलासिनी ठेवा, नाहीतर काहीही ठेवा. पण ती झोपेत असताना नको.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या बोटीवरून मी मुक्ताला फोन लावला. बेट मागे जात होते आणि वरच्या मजल्यावर अजून नेटवर्क होते. तिला जे सर्वांत आधी विचारायला हवे होते ते विचारले.

“नाव चेंज? माझं? व्हाय?”

“पद्धत आहे. चिन्मयच्या आईंची इच्छा आहे. नाव मी सुचवायचं आहे.”

पलीकडून बसचा आवाज येत होता.

“आजीनं ठेवलंय ते, बाबा. यू फरगॉट, अ?”

“नाही.”

“देन नो, लाह.” मग जरा थांबून, “तुम्ही ऑलरेडी सांगितलं त्यांना?”

“नाही.”

“ओके. आभारी आहे हां, विचारल्याबद्दल.” हे शेवटचे वाक्य तिने मराठीत म्हटले. ती मराठीत आभार मानते तेव्हा प्रकरण गंभीर असते.

सिंगापूरला उतरल्यावर चांगी विमानतळाहून घरी येईपर्यंत मी विहीणबाईंना काय सांगायचे याची तीन संस्कृतप्रचुर प्रारूपे रचली. व्याही मंडळींशी पहिलाच मतभेद, तोही अद्याप विहीण झालेल्या नसताना, लग्न डिसेंबरात. फोन लागला आणि तिन्ही प्रारूपे विस्मृतीत गेली.

“मुक्ताचं नाव बदलू नये, असं आमचं म्हणणं आहे,” मी म्हणालो. “तिचंही. तांदळात मुक्ताच लिहू दे.”

“अहो, पण सराफाला सांगून ठेवलंय मी,” विहीणबाई म्हणाल्या. आवाज थंड होता.

“ताट जरूर करा. त्यावर मुक्ताच कोरा.”

“मग त्यात नवं काय?”

“तिच्या आजीनं ठेवलेलं आहे,” एवढेच म्हणालो. “आजी आता नाहीत.”

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या बॅगेतून चीज काढायच्या थांबल्या होत्या.

“तुम्ही काहीच शोधलं नव्हतंत का?” विहीणबाईंनी अखेर विचारले. “एखादं छानसं?”

“होती थोडी.”

“एक सांगा तरी.”

“चिद्विलासिनी.”

पलीकडून परिचारिकेचा तो दीर्घ श्वास ऐकू आला.

“मुक्ता बरं आहे,” विहीणबाई म्हणाल्या.

आता या प्रवासातून काय उरले त्याचा ताळेबंद. ग्रावियेरा संपले. महाळुंगाचे मद्य पाहुण्यांना थेंबभर देतो. टोपी एजियन समुद्रात आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांना एवढेच सुचवेन की चार दिवस तरी काढा, झास पर्वत डावीकडे आहे, आणि मालकिणीला नाव सांगताना ते विचारपूर्वक सांगा, कारण ती तेच वापरते.

मागच्या रविवारी आम्ही घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये न्याहारीला गेलो. सौभाग्यवती टेबल धरून बसल्या, मी कोपी, म्हणजे येथली कॉफी, आणायला रांगेत. दोन पेले हाती घेऊन वळलो आणि, बेटावरून सोबत आणलेले थोडे औदार्य शिल्लक होते म्हणून, दुरूनच हाक मारली, “कुसुम!”

त्यांनी मान वर केली. मी पेले ठेवून बसलो.

“तुम्ही नका म्हणू ते,” मग त्या म्हणाल्या. “ते आईचं आहे. आता थोडं आंगेलिकीचं. दर रविवारी मेसेज पाठवते, ‘कालिमेरा, कुसुम’, म्हणजे सुप्रभात. माझं भागतं तेवढ्यात.”

“मग मी काय म्हणू?”

“ऋतंभराच म्हणा,” त्यांनी पेला जवळ ओढला. “ते दुसऱ्या कुणाला म्हणताच येत नाही. ते तुम्हीही सोडलंत, तर तेवढं नाव उगीच वाया जायचं.”